फी माफ, वाट शिल्लक

ग्रामीण मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या लहान धर्मादाय संस्थांवर, म्हणजे ज्यांच्या नोंदवहीत पाच-पंचवीस किंवा फार तर शे-दोनशे मुलींची नावे असतात अशा संस्थांवर, एरवी एकमेकांशी कशातही न पटणारे दोन पक्ष सध्या एकमताने टीका करताना आढळतात. शिक्षण ही सर्वस्वी राज्यसंस्थेची जबाबदारी आहे असे मानणाऱ्या पक्षाच्या मते अशा संस्था सरकारच्या उणिवांवर पांघरूण घालतात आणि सरकारला नामानिराळे राहण्याची सोय करून देतात. दानाच्या प्रत्येक रुपयाचा परिणाम मोजून पाहावा असे मानणारा दुसरा पक्ष म्हणतो की, तोच रुपया केनियातील किंवा मलावीतील खेड्यात खर्च केला, तर त्यातून कितीतरी अधिक मुलांचे भले होईल. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा विषय निघाला की या दोघांना तिसरा साथीदार मिळतो. कृष्णाकाठची ऊसशेती, साखर कारखाने, गावोगावची विद्यालये आणि ८० टक्क्यांच्या वर गेलेली साक्षरता यांकडे बोट दाखवून तो विचारतो की, इथे अशा संस्थांचे काम तरी काय उरले आहे. तिन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. मुलीचे शिक्षण अडते ते गावात शाळा नसल्यामुळे किंवा फी परवडत नसल्यामुळे, असे ही मंडळी धरून चालतात, आणि ते गृहीतक चुकीचे असल्यामुळेच लहान संस्था नेमके कोणते काम करते हे त्यांच्या नजरेतून निसटते.

संपन्नतेचा मुद्दा आधी निकालात काढणे सोयीचे आहे, कारण तो सर्वांत ठिसूळ आहे. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलामुलींचे प्रमाण पाहिले, तर दर हजार मुलांमागे सांगली जिल्ह्यात ८५१ आणि सातारा जिल्ह्यात ८७८ मुली होत्या. हे आकडे ऊस, द्राक्षे आणि हळद पिकवणाऱ्या, दवाखान्यांची आणि सोनोग्राफी यंत्रांची रेलचेल असलेल्या प्रदेशाचे आहेत. पैसा आला म्हणजे मुलीची किंमत वाढते, हा समज त्यांनी कायमचा मोडीत काढायला हवा होता. पुढे ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला, ज्यात 'नकुशी' किंवा 'नकुसा' अशी नावे घेऊन शाळेत जाणाऱ्या २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ज्या घरांनी पोरीला आयुष्यभर पुरेल असे नाव दिले, ती सगळीच घरे काही उपाशी नव्हती. शिवाय जिल्ह्याची सरासरी ही आकडेवारीची सोय असते. कराड आणि वाळवा यांच्या बरोबरीने माण, खटाव, आटपाडी आणि जत हे तालुकेही याच दोन जिल्ह्यांत आहेत, आणि पर्जन्यछायेतील, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यातील, त्या तालुक्यांतून मेंढपाळ कळपामागे, ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन कारखान्याच्या तळावर आणि गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर जातात. घर असे हलते असते तेव्हा मागे कोण राहणार, धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार आणि म्हाताऱ्या आजीला भाकरी कोण करून घालणार, या प्रश्नांची उत्तरे मुलीच्या शाळेच्या वेळापत्रकातून वजा होतात.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शुल्क नाही, एसटीने शाळेत जाण्यासाठी अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने मोफत पास आहे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि जुलै २०२४च्या निर्णयानुसार वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तथापि या सवलतींची रचना पाहिली, तर त्या जवळजवळ सगळ्या शाळेच्या दारापासून आत सुरू होतात, असे दिसते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असा निकष घातला, पण हा हक्क सहा ते चौदा या वयापुरताच आहे, म्हणजे आठवीनंतर, मुलगी वयात येते आणि घरच्यांच्या मनात धास्ती शिरते नेमक्या त्याच टप्प्यावर, कायदा हात आखडता घेतो.

आठवीनंतरची स्थिती माण किंवा जत तालुक्यातील कोणत्याही वस्तीवरून समजून घेता येते. वस्ती म्हणजे मूळ गावापासून सुटून शेतात वसलेली पाच-दहा घरे. तिथून फाट्यापर्यंत, म्हणजे जिथे एसटी थांबते त्या डांबरी रस्त्यापर्यंत, दोन-तीन किलोमीटर चालायचे, मग बस पकडायची, आणि संध्याकाळी हाच क्रम उलटा करायचा. पास मोफत असला, तरी तो एसटीच्या आसनावर बसल्यावर कामाला येतो. फाट्यापर्यंतच्या पायवाटेवर त्याचा काही उपयोग नाही. विज्ञान शाखेचे प्रात्यक्षिक लांबले, दहावीचा जादा तास लागला किंवा ऐनवेळी फेरी रद्द झाली, की मुलगी अंधार पडल्यावर घरी पोहोचते, आणि असे दोन-तीनदा झाले की घरातली मोठी माणसे शाळा बंद करण्याचा निर्णय बोलूनही दाखवत नाहीत, तर 'स्थळ चांगलं आलंय' एवढेच सांगतात. जतच्या पूर्व भागात कन्नड माध्यमाच्या शाळेतून आलेल्या मुलीला पुढे मराठी माध्यमात जावे लागले, तर वाटेच्या जोडीला भाषेचाही घाट चढावा लागतो. यांपैकी एकही अडचण फीच्या पावतीवर उमटत नाही, म्हणून फी माफ करून ती सुटतही नाही.

अंतर हाच शिक्षणाचा खरा खर्च असतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. धोंडो केशव कर्वे यांनी किशोरवयात कोकणातील मुरुडहून शंभराहून अधिक मैल पायी तुडवत सातारा गाठले ते एका परीक्षेसाठी, आणि तिथे ते वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. मुलगा असल्यामुळे त्यांना निदान एवढी पायपीट करून नापसंत होण्याची मुभा तरी होती. त्या काळी त्यांच्याच वयाच्या मुलीला कोणी गावाच्या वेशीबाहेर पाठवले नसते.

सवलतींचे मोल किती राहते, याचेही एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. १९९२ साली महाराष्ट्र शासनाने दुर्बल घटकांतील, पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला, म्हणजे मुलगी ज्या दिवशी शाळेत हजर राहील त्या दिवसाचा एक रुपया तिच्या पालकांना द्यायचा. त्या काळी मुलीला रानात नेण्याऐवजी शाळेत पाठवावे यासाठी त्या रुपयाला थोडाफार अर्थ होता. तीस वर्षांनंतरही तो रुपया रुपयाच राहिला, आणि आता त्यात गोळीही येत नाही. कल्पना योग्य असूनही योजना अशी आपोआप सुकते, कारण तिच्याकडे वर्षानुवर्षे पाहणारे आणि मुलीच्या घरातला बदलता भाव ओळखणारे जवळचे कोणी नसते. सरकारवर सगळे सोपवा म्हणणाऱ्यांनी या एका रुपयाचा विचार अवश्य करावा.

आता मुख्य आक्षेपाकडे, म्हणजे दान सरकारला सुस्त करते या म्हणण्याकडे वळता येईल. हा युक्तिवाद कागदावर तर्कशुद्ध वाटतो, पण ज्या दोन जिल्ह्यांविषयी तो केला जातो त्यांचा गेल्या शतकाचा इतिहास नेमका उलट घडला आहे. भाऊराव पाटील यांच्या शैक्षणिक कार्याची पहिली पावले आजच्या सांगली जिल्ह्यातील दुधगावच्या विद्यार्थी आश्रमात पडली, आणि १९१९मध्ये कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. आरंभीच्या या वसतिगृहांचा आधार होता मुष्टिफंड, म्हणजे दळणा-कांडणाच्या वेळी घरातील बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते गोळा करून मुलांच्या जेवणाला लावायचे. साताऱ्यात १९२४मध्ये निघालेल्या बोर्डिंगला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव मिळाले, पण ते चालले ते भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांच्या दागिन्यांवर. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवून त्यांना जेवू घालताना धान्य संपले, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रदेखील मोडायला दिले. १९३० साली त्या वारल्या. या साऱ्यामुळे सरकार सुस्त झाले नाही. तीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने व्हॉलंटरी शाळांची, म्हणजे खासगी प्रयत्नाने चालवलेल्या आणि सरकारने अनुदान दिलेल्या गावशाळांची योजना हाती घेतली, तेव्हा तिला माणसे आणि पद्धत पुरवायला रयत तयार होती, आणि तिने अशा पाचशेहून अधिक शाळा चालवून पुढे त्या जिल्हा स्कूल बोर्डाच्या हवाली केल्या. गावात शिकवणाऱ्या बाई नसतील तर आई-बाप मुलीला वर्गात बसवणार नाहीत, हे ओळखून रयतने १९४२मध्ये साताऱ्यात स्त्री-शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय काढले. मुलींच्या शिक्षणाची ती कळीची अडचण आधी दिसली ती लोकांत वावरणाऱ्या संस्थेला.

हाच इतिहास आणखी एक गोष्ट दाखवतो, जी आक्षेपकांना गैरसोयीची आहे. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांच्या स्पष्ट बोलण्याचे निमित्त होऊन मुंबई सरकारने रयतचे अनुदान काही काळ रोखले, आणि त्या दिवसांत संस्था तगली ती लोकांच्या वर्गणीवर. राज्यसंस्था सर्वशक्तिमान असते, तशीच ती रुसूही शकते. ज्या संस्थेच्या पाठीशी गावची मूठ आहे ती तो रुसवा सोसू शकते, आणि जिच्यापाशी ती नाही तिची अवस्था काय होते, हे त्याआधीच्या शतकात सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेकीच्या, सावित्रीबाई फुले यांच्या, पुण्यातील शाळांनी अनुभवले होते. १८५७च्या उठावानंतर युरोपीय देणगीदारांनी हात आखडला आणि त्या शाळा पुढे फार काळ चालू शकल्या नाहीत. लहान संस्था अशाश्वत असते हा आक्षेप म्हणून खरा आहे, परंतु तिचा पैसा कुठून येतो यावर त्याचा खरेपणा अवलंबून आहे.

परदेशी पैशाविषयीची कुरकुरही याच ठिकाणी निकाली निघते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला, जे १८८९मध्ये मुंबईत सुरू झाले, बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले होते. आणि आज आफ्रिकेतील मुलींना मदत करावी की साताऱ्यातील, असा वाद घालणाऱ्यांनी हे विसरू नये की, डिसेंबर १९३०पासून सुमारे सव्वा वर्ष कर्वे केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार आणि दक्षिण आफ्रिका फिरले, ते महाराष्ट्रातील आपल्या महिला विद्यापीठासाठी निधी जमवायला. मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत आफ्रिका खंड महाराष्ट्राचा देणेकरी नव्हे, देणगीदार आहे. आजची स्थिती अशी की २०२०च्या दुरुस्तीनंतर विदेशी अंशदान कायद्यानुसार एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत तालुक्याच्या संस्थेपर्यंत झिरपणारा पैसा बंद झाला आहे; लहान संस्था परदेशी पैशावर गब्बर होतात, ही समजूत बाळगणाऱ्यांनी आता तरी ती सोडून द्यावी.

हिशेबी आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो, कारण त्यामागे खरोखरीचे संशोधन आहे. केनियाच्या पश्चिम भागातील बुसिया येथे एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी शाळकरी मुलांना जंतनाशक गोळ्या देण्याचा परिणाम तपासला आणि २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात शाळेतील गैरहजेरी सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे सांगितले. ही तपासणी यादृच्छिक पद्धतीची होती, म्हणजे कोणत्या शाळांना उपचार आधी मिळणार हे कोणाच्या मर्जीवर न सोडता तुलनेसाठी गट पाडले गेले होते. गोळी स्वस्त आणि परिणाम मोठा, म्हणून रुपया तिकडे पाठवा, असा बोध त्यातून घेतला गेला. परंतु जंत हा जिथे अडथळा आहे तिथे गोळी गुणकारी ठरते, आणि भारतात २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळून सरकार ती गोळी शाळा-अंगणवाड्यांतून वाटतेच आहे. आटपाडीची नववीतली मुलगी जंतामुळे घरी बसलेली नाही. शिवाय बुसियातील तो कार्यक्रम ज्या संस्थेने राबवला ती आयसीएस आफ्रिका ही एक स्वयंसेवी संस्थाच होती. स्थानिक शाळांशी तिचे नाते नसते, तर संशोधकांना मोजायला काही सापडले नसते.

त्याच परंपरेतील इतर निष्कर्ष आक्षेपक सहसा उद्धृत करत नाहीत. पश्चिम केनियातच प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलींना मोफत गणवेश दिल्यावर शाळा सोडण्याचे आणि लहान वयातील गरोदरपणाचे प्रमाण घटले. बिहारने २००६मध्ये नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून दाखवले की, माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी त्यामुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, मुला-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, आणि शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक होता. झांबियातील सायकलींच्या प्रयोगातही मुलींची गैरहजेरी चतुर्थांशाहून अधिक घटली. म्हणजे परिणाम मोजण्याच्या कसोटीवरही उत्तर पुन्हा वाटेपाशीच येते. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या माणदेशी संस्थेने मुलींना शाळेसाठी सायकली मिळवून देण्याचे काम हाती घेतले, ते हा प्रश्न दुष्काळी तालुक्यात राहून ओळखल्यामुळे. तिच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणदेशी महिला बँकेचा परवान्यासाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बायका शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७मध्ये बँक सुरू झाली. शिक्षण चुकल्याची किंमत ज्यांनी स्वतः मोजली आहे, त्या बायकांच्या गावात पोरीच्या सायकलीची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

पाच-पन्नास मुलींनी काय होणार, हा प्रश्न उरतो. ॲन कॉटन यांनी १९९३मध्ये झिंबाब्वेत कॅमफेड ही संस्था सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी आधार मिळालेल्या मुली ३२ होत्या. ती संस्था पुढे पाच देशांत पसरली ही गोष्ट इथे दुय्यम आहे. महत्त्वाचे हे की शिकून बाहेर पडलेल्या मुलींची संघटना १९९८पासून उभी राहिली, आणि त्यांतील अनेकजणी आपल्याच भागातील शाळांत धाकट्या मुलींना हात द्यायला परतल्या. वस्तीवरची पहिली मुलगी बारावी होते तेव्हा तिच्या मागच्या चार घरांतील आई-बापांना 'कोण पाठवतं एवढ्या लांब' हे कारण सांगता येत नाही, आणि हा परिणाम कोणत्याही लाभार्थी-संख्येच्या तक्त्यात मावत नाही. अर्थात या युक्तिवादाचा आधार घेऊन आळशी संस्थांनी आपली पाठ थोपटून घेऊ नये. जिच्या मुली शिकून परत येत नाहीत किंवा निदान धाकट्यांची विचारपूस करत नाहीत, ती संस्था लहान आहे एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल.

टीकाकारांचे एक म्हणणे मात्र पूर्ण मान्य करायला हवे. पंधरा ऑगस्टला फ्लेक्स लावून वह्या-दप्तरे वाटायची, मुलींना रांगेत उभे करून फोटो काढायचे आणि देणगीदाराला 'तुमची मुलगी' म्हणून एका मुलीचे छायाचित्र पाठवायचे, हा प्रकार दोन्ही जिल्ह्यांत बोकाळला आहे, आणि त्याने मुलीचे शिक्षण एका दिवसानेही वाढत नाही. वस्तूंचे वाटप लोकप्रिय असते, कारण ते दिसते. मासिक पाळीमुळे मुली शाळा बुडवतात अशी सार्वत्रिक समजूत असताना एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन यांनी नेपाळमध्ये पाळीचे कप वाटून हजेरी तपासली, तर फरक जवळजवळ पडलाच नाही, असे आढळले. त्या साधनाचे इतर फायदे खरे असले, तरी हजेरीचे कारण म्हणून ते पुढे करणे चुकीचे होते. वाटपाला चटावलेल्या संस्थांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा.

परंतु वाटपाची ही सवय लागण्यास देणगीदारांचा आग्रहही तितकाच जबाबदार आहे, आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा कारभार पाहणाऱ्यांचा तर अधिकच. अर्जाच्या नमुन्यात 'थेट लाभ' आणि 'प्रशासकीय खर्च' असे दोन रकाने असतात. सायकल, गणवेश आणि टॅब पहिल्यात बसतात, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरचा, म्हणजे तिथे रात्रंदिवस राहून देखरेख करणाऱ्या बाईंचा, पगार दुसऱ्यात ढकलला जातो, जो जितका कमी तितकी संस्था काटकसरी ठरते. वास्तविक जतच्या बापाने पोरीला सांगलीत किंवा साताऱ्यात ठेवायचे की नाही हे ज्या एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे रात्री दाराला कडी घालणाऱ्या, आजारी मुलीला दवाखान्यात नेणाऱ्या आणि सुट्टीत घरी गेलेली मुलगी परतली नाही तर तिसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन थडकणाऱ्या त्या बाई. लक्ष्मीबाई पाटलांनी बोर्डिंगात जे केले त्याला आजच्या नमुन्यात टाकायचे झाले, तर तेही प्रशासकीय खर्चातच मोजावे लागेल. परिणाम मोजणाऱ्या पक्षाला खरोखरच काही मोजायचे असेल, तर त्याने रेक्टर असलेल्या आणि नसलेल्या वसतिगृहांतील मुलींपैकी किती बारावीपर्यंत टिकल्या, हे आधी मोजावे, आणि तोवर तो पगार पहिल्या रकान्यात लिहावा.